सुंता झाली म्हणजे धोका टळला?

पहाटे पाचच्या सुमारास अमरावतीहून बडनेऱ्याकडे किंवा अकोल्याहून बाळापूरकडे जाणाऱ्या रस्त्याने निघाले, की धावणाऱ्या पोरांचे घोळके दिसतात. कोणाला सैन्यात जायचे असते, कोणाला पोलिसांत, कोणाला राज्य राखीव दलात. सोळाशे मीटर किती मिनिटांत, गोळा किती लांब, छाती किती फुगते, हा हिशेब त्यांना तोंडपाठ असतो. घर सोडून बराकीत राहायला गेल्यावर स्वतःच्या शरीराची काळजी कशी घ्यायची, हे मात्र त्यांना कोणी शिकवलेले नसते. घरात हा विषय निघत नाही, शाळेत तो धडा घाईने उरकला जातो आणि मैदानावरचे उस्ताद फक्त दम वाढवायला सांगतात.

अशा पोरांपैकी एखाद्याची गोष्ट त्वचा व गुप्तरोग विभागातल्या डॉक्टरांना नवीन नसते. प्रशिक्षण संपते, हातात पहिल्यांदा स्वतःचा पगार येतो, चार मित्रांबरोबर परक्या शहरात एक रात्र जाते. आठवडाभरात लघवीला जळजळ सुरू होते, पांढरट-पिवळा स्राव दिसतो. पोरगा घाबरतो, पण दवाखान्यात जात नाही. आधी मित्राला विचारतो. पोरगा मुस्लिम घरातला असेल तर मित्राचे उत्तर बहुतेक ठरलेले असते : ‘तुझी तर सुन्नत झालीये ना? मग तुले काय होते बे?’

या एका वाक्यात अर्धे सत्य आहे आणि अर्धा धोका. मराठीत जिला सुंता म्हणतात आणि वऱ्हाडातल्या मुस्लिम घरांत सुन्नत किंवा खतना, तिचा लैंगिक आजारांशी संबंध आहे, हे विज्ञानाने सिद्ध केले आहे. पण तो संबंध नेमका कोणत्या आजारापुरता आणि कोणापुरता, हे कळले नाही तर हीच माहिती तरुणाला निर्धास्त करून संकटात ढकलू शकते.

पुण्यातला अभ्यास काय सांगतो?

या प्रश्नावरचा एक महत्त्वाचा अभ्यास महाराष्ट्रातच झाला आहे. पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने अमेरिकेतील संशोधकांच्या साथीने १९९३ ते २००० या काळात पुण्यातील गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या पुरुषांचा पाठपुरावा केला. सुरुवातीला एचआयव्हीची लागण नसलेले २,२९८ पुरुष त्यात होते. काहींची सुंता झालेली होती, बहुतेकांची नव्हती. पुढे कोणाला कोणती लागण होते, याची नोंद ठेवली गेली. निष्कर्ष २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

सुंता झालेल्या पुरुषांत एचआयव्हीची लागण सुंता न झालेल्यांच्या मानाने सुमारे ८५ टक्क्यांनी कमी आढळली. सुंता झालेल्यांची संख्या थोडी असल्याने हा आकडा ढोबळ धरावा लागतो, पण फरकाची दिशा स्पष्ट होती. त्यामागचे कारण शरीररचनेत आहे. शिश्नाच्या टोकावरील कातडीचा आतला पदर नाजूक असतो आणि एचआयव्हीचा विषाणू ज्या पेशींना चिकटतो, त्या पेशी तेथे भरपूर असतात. ती कातडी काढल्यावर विषाणूला शिरायला जागा कमी उरते.

मित्राच्या तोंडी येते ते एवढेच. याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष गल्लीपर्यंत पोहोचलेला नाही. गर्मी म्हणजे सिफिलिस, परमा म्हणजे गोनोरिया आणि जननेंद्रियाची नागीण म्हणजे हर्पिस या आजारांत सुंता झालेल्या आणि न झालेल्या पुरुषांत फरक दिसला नाही. संशोधकांच्या दृष्टीने हीच गोष्ट फार मोलाची होती. सुंता झालेले पुरुष जपून वागत असते, तर हे आजारही त्यांच्यात कमी दिसायला हवे होते. तसे झाले नाही. म्हणजे एचआयव्हीच्या बाबतीतला फायदा कातडीमुळे होता, आणि बाकीच्या आजारांसमोर दोन्ही गटांतले पुरुष सारखेच उघडे होते.

आफ्रिकेतील तीन चाचण्या

पुण्याच्या अभ्यासानंतर दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडा या देशांत मोठ्या चाचण्या झाल्या. मिळून सुमारे ११ हजार पुरुषांनी त्यांत भाग घेतला. निम्म्यांची सुंता लगेच केली गेली, उरलेल्यांना नंतरची वेळ दिली गेली. २००५ ते २००७ या काळात प्रसिद्ध झालेल्या निकालांत स्त्रीकडून पुरुषाला होणारी एचआयव्हीची लागण साधारण ५० ते ६० टक्क्यांनी कमी झालेली दिसली. त्यावरून २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेने, जिथे एचआयव्ही सर्वसामान्य लोकांत मोठ्या प्रमाणावर पसरला आहे अशा देशांना, इतर उपायांच्या जोडीला सुंतेचाही उपाय सुचवला.

‘जोडीला’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. पन्नास-साठ टक्के संरक्षण म्हणजे पावसात अर्धी फाटकी छत्री. डोके थोडे वाचते, अंग भिजतेच. शिवाय हे संरक्षण फक्त पुरुषाला, फक्त स्त्रीकडून होणाऱ्या लागणीपुरते आहे. पुरुषाला एचआयव्हीची लागण आधीच झालेली असेल तर सुंतेमुळे त्याच्या बायकोचे संरक्षण होते, असे युगांडातील पुढच्या अभ्यासात आढळले नाही. दोन पुरुषांमधील संबंधांत ज्याच्या गुदद्वारातून संबंध येतो, त्यालाही सुंतेचा काही उपयोग नाही. बराकीत, वसतिगृहात किंवा लांबच्या प्रवासात असे संबंध येतात. त्यावर कोणी बोलत नाही एवढेच. आणि एकाच सुईने टोचून घेणे किंवा जत्रेत एकाच सुईने गोंदवून घेणे यातून रक्तावाटे पसरणाऱ्या एचआयव्ही व काविळीशी (हिपॅटायटिस बी आणि सी) सुंतेचा काही संबंधच नाही.

धर्म पाहून आजार होत नाही

आपल्या देशात सक्तीची लष्करी सेवा नाही. तुर्कस्तान, इजिप्त, इराण यांसारख्या मुस्लिमबहुल देशांत ती आहे. तिथे ठरावीक वय झाले की मुलगा घर सोडून छावणीत जातो. त्यांतल्या बहुतेकांची सुंता झालेली असते, घरचे वातावरण धार्मिक असते, आणि तरीही लैंगिक आजारांची माहिती देणे, निरोध पुरवणे आणि तपासणी करणे ही कामे तिथल्या लष्करी डॉक्टरांना करावीच लागतात. आपल्याकडे २०२२ साली सुरू झालेल्या अग्निपथ योजनेतून साडेसतरा वर्षांपासूनची अविवाहित मुले चार वर्षांसाठी सैन्यात जातात. भरती ऐच्छिक असली तरी वय तेच, घरापासूनचे अंतर तेच, आणि सोबत्यांचा आग्रहही तोच.

छावणी आणि गुप्तरोग यांचे नाते वऱ्हाडाला परके नाही. परतवाडा हे गावच अचलपूरच्या छावणीमुळे वाढले. निजामाच्या नावाने उभ्या असलेल्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेची ती छावणी होती, आणि १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले ते याच फौजेच्या खर्चापोटी. त्या काळात हिंदुस्थानभरच्या छावण्यांत गोऱ्या सैनिकांमधील गुप्तरोग ही सरकारची मोठी डोकेदुखी होती. १८९५ च्या सुमारास दर हजार गोऱ्या सैनिकांमागे या आजारांसाठी वर्षाला ५०० हून अधिक वेळा रुग्णालयात दाखल करावे लागत होते. देशी शिपायांमधील प्रमाण त्यामानाने फारच कमी होते. यामागे धर्म किंवा रक्त नव्हते. पुष्कळ देशी शिपाई लग्न झालेले होते आणि त्यांची बिऱ्हाडे सोबत किंवा जवळ असत. गोऱ्या सैनिकाला लग्नाची परवानगी क्वचित मिळे. घर हजारो मैलांवर, हाताशी दारू आणि रिकामा वेळ.

सरकारने त्यावर काढलेला उपाय आजही लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण तो फसला. १८६४ च्या छावणी कायद्याने छावणीजवळच्या वेश्यांची नोंदणी झाली, त्यांची सक्तीने तपासणी होऊ लागली, आजारी आढळलेल्या बाईला ‘लॉक हॉस्पिटल’मध्ये डांबले जाई. सैनिक मात्र मोकळा. आजार दोघांत आणि तपासणी एकाचीच, म्हणून तो आटोक्यात आला नाही. १८८८ साली ही पद्धत गुंडाळावी लागली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सैनिकांना आजारांची माहिती, खेळ, वाचनालये आणि लवकर उपचार यांवर भर दिला गेला, तेव्हा कुठे आकडे झपाट्याने खाली आले. त्या वेळी पेनिसिलिनचा शोधही लागलेला नव्हता.

याचा अर्थ साधा आहे. धोका वाढवणाऱ्या गोष्टी म्हणजे तरुण वय, घरापासूनचे अंतर, हातातला पैसा, दारू, सोबत्यांसमोर ‘मर्द’ दिसण्याची हौस आणि माहितीचा अभाव. त्या हिंदू पोरालाही लागू आहेत, बौद्ध पोरालाही आणि मुस्लिम पोरालाही. मुस्लिम घरांत दारूला असलेला विरोध आणि लग्नाबाहेरच्या संबंधांना असलेली मनाई यांचा फायदा ती पाळणाऱ्याला नक्की होतो. पण ज्याचे पाऊल एकदा घसरले, त्याच्यासाठी हीच मनाई दवाखान्याच्या दारातली भिंत होते. झाल्या गोष्टीची लाज एवढी वाटते, की आजार सांगण्यापेक्षा सहन करणे त्याला सोपे वाटते.

तंबूतला वैद्य आणि मेडिकलची गोळी

लाजेचा धंदा करणारे लोक कमी नाहीत. रस्त्याच्या कडेला तंबू ठोकून जडीबुटी विकणारे, भिंतीवर ‘गुप्तरोग, धातुरोग, मर्दाना कमजोरी’ असे रंगवणारे, लॉजमध्ये महिन्यातून एकदा ‘कॅम्प’ घेणारे सगळ्यांनी पाहिले आहेत. तिथे जाणाऱ्या पोरांपैकी पुष्कळांना आजारच नसतो. झोपेत वीर्य जाणे किंवा हस्तमैथुन यामुळे ताकद जाते, या भीतीने ती खंगत जातात. या भीतीला मनोविकारतज्ज्ञ ‘धात सिंड्रोम’ म्हणतात, डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० साली हे नाव दिले. वीर्य जाण्याने धावण्याचा दम कमी होत नाही, हाडे पोकळ होत नाहीत आणि भरतीत नापासही होत नाही.

ज्यांना खरोखर आजार असतो, त्यांचे नुकसान जास्त होते. मेडिकलमधून मित्राने सांगितलेली गोळी दोन दिवस घेतली की स्राव थांबल्यासारखा वाटतो. परम्याचे जंतू मात्र पुष्कळ जुन्या औषधांना आता दाद देत नाहीत. एके काळी हमखास लागू पडणाऱ्या सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या गोळ्या आपल्या देशात या आजारावर निकामी झाल्या आहेत. अर्धवट दबलेला आजार वीर्यनलिकेपर्यंत जातो, अंडकोष सुजतो, पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते.

गर्मीचा आजार त्याहून फसवा. संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी, कधी त्याआधी तर कधी तीन महिन्यांनीही, लिंगावर एक कडक काठाची जखम उठते. ती दुखत नाही. औषध न घेताही तीन ते सहा आठवड्यांत ती आपोआप भरते. पोरगा समजतो, तंबूतल्या वैद्याच्या लेपाने गुण आला. जंतू रक्तात गेलेले असतात. काही आठवड्यांनी तळहात-तळपायांवर न खाजणारे चट्टे येतात, तेही जातात. वर्षानुवर्षांनी मेंदू, हृदय किंवा मोठ्या रक्तवाहिन्यांवर तो परतू शकतो. सुरुवातीला यावर बेंझाथिन पेनिसिलिनचे २४ लाख युनिटचे एक इंजेक्शन पुरते. इतक्या स्वस्त औषधाने बरा होणारा आजार केवळ लाजेपायी वाढतो.

घरातल्या बाईची बाजू

पुष्कळदा पुरुषाचा आजार उघड होतो तो त्याच्या बायकोच्या रक्तातून. अमरावतीचे डफरीन असो की अकोल्याचे लेडी हार्डिंग, गरोदर बाईच्या पहिल्या तपासणीत एचआयव्ही, गर्मी आणि काविळीची चाचणी केली जाते. लग्नाला वर्षही न झालेली वीस-एकवीस वर्षांची मुलगी, तिने आयुष्यात नवऱ्याखेरीज कोणाचा स्पर्श जाणलेला नाही, आणि अहवाल दोषी येतो. घरात पहिले बोट तिच्याकडेच वळते. छावणीतल्या लॉक हॉस्पिटलची गोष्ट अशा घरांत पुन्हा घडते.

गरोदरपणातील गर्मीवर उपचार झाले नाहीत तर गर्भपात, मृत मूल किंवा जन्मतः आजारी मूल असे परिणाम होऊ शकतात. वेळेवर इंजेक्शन मिळाले तर आई आणि बाळ दोघे सुटतात. एचआयव्ही असला तरी आईला औषधे सुरू केल्यास बाळाला होणारी लागण बहुतांशी टाळता येते. म्हणून अहवाल हाती आल्यावर दोष कोणाचा हे शोधत बसण्यापेक्षा नवरा-बायको दोघांनी एकत्र तपासणी आणि उपचार घेणे हाच शहाणपणा. एकट्यानेच औषध घेतले तर आजार दुसऱ्याकडून पुन्हा परत येतो.

जायचे कुठे?

शासकीय रुग्णालयांत लैंगिक आजारांसाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ असते. अमरावतीचे जिल्हा सामान्य रुग्णालय, ज्याला लोक अजून इर्विनच म्हणतात, आणि अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय इथे तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. लक्षणांनुसार औषधांची ठरावीक रंगांची पाकिटे असतात. लघवीच्या जागेतून स्राव असेल तर राखाडी रंगाचे पाकीट, न दुखणारी जखम असेल तर पांढरे. स्रावासाठीची औषधे एकाच वेळी, डॉक्टरांसमोर घेता येतात. जोडीदारासाठीही औषध दिले जाते.

एचआयव्हीची चाचणी समुपदेशनासह मोफत होते. संबंध नुकताच आला असेल तर पहिली चाचणी ‘नाही’ आली तरी तीन महिन्यांनी ती पुन्हा करावी लागते, कारण सुरुवातीच्या काळात चाचणीत लागण दिसत नाही. लागण निघाली तरी आता जग बुडत नाही. २००४ सालापासून शासन एआरटी औषधे मोफत देते आणि आता बहुतेक रुग्णांना रोज एक गोळी पुरते. नियमित औषधाने रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला जात नाही. लग्न करता येते, निरोगी मूल होऊ शकते.

रमजानमध्ये औषध कसे घ्यायचे, हा प्रश्न पुष्कळांना पडतो आणि विचारायला संकोच वाटतो. रोज एकदा घ्यायची गोळी इफ्तारनंतर ठरावीक वेळी घेता येते. त्यासाठी महिनाभर औषध थांबवणे चुकीचे आणि धोक्याचे आहे. रोजा आहे हे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. वेळ बसवून देता येते.

नाव बाहेर जाईल, ही सगळ्यांत मोठी भीती. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून देशात लागू आहे. त्यानुसार माणसाच्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि त्याची माहिती इतरांना देता येत नाही. समोर जाऊन बोलायला धीर होत नसेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर नाव न सांगताही माहिती विचारता येते.

घरच्यांनी आणि उस्तादांनी

भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकादम्या वऱ्हाडात जागोजागी आहेत. धावणे आणि गोळाफेक शिकवताना महिन्यातला एक तास या विषयाला दिला, जवळच्या शासकीय डॉक्टरांना बोलावले, तर पुष्कळ पोरे वाचतील. मशिदीत, मदरशात, मोहल्ल्यातल्या बैठकीत हा विषय काढणे अवघड असले तरी अशक्य नाही. स्वच्छतेबद्दल आणि नवरा-बायकोच्या हक्कांबद्दल तिथे बोलले जातेच. बायकोला आजार न देणे हाही तिचा हक्कच आहे. बापाने पोराला निरोप देताना ‘नाव काढ’ म्हणावे, आणि सोबत एवढेही सांगावे, की काही झाले तर लपवू नकोस, आधी डॉक्टरकडे जा.

सुंता झाली आहे की नाही, यावरून कोणी सुरक्षित ठरत नाही. धोका टाळण्याचे खात्रीचे मार्ग दोनच. एक, दोघांपैकी कोणालाही लागण नसताना एकमेकांशी निष्ठा. दुसरा, ते शक्य नसेल तेव्हा प्रत्येक वेळी निरोध. आणि एवढे करूनही शंका आली, तर वेळ न घालवता तपासणी.

लक्षात ठेवा

• सुंतेमुळे स्त्रीकडून पुरुषाला होणारी एचआयव्हीची लागण कमी होते, टळत नाही. गर्मी आणि परम्यापासून ती वाचवत नाही.

• जखम दुखत नाही किंवा आपोआप भरली, म्हणजे आजार गेला असे नाही.

• निरोध नसताना संबंध आला किंवा निरोध फाटला, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना गाठावे. गरज वाटल्यास एचआयव्ही टाळण्यासाठी २८ दिवसांचे औषध देता येते. जितक्या लवकर सुरू होईल तितके चांगले.

• काविळीची (हिपॅटायटिस बी) लस घ्यावी. मोठ्यांनाही ती तीन डोसांत घेता येते.

• मेडिकलमधून स्वतःच्या मनाने गोळ्या घेऊ नयेत.

• उपचार नेहमी दोघांनी मिळून घ्यावेत. उपचार पूर्ण होईपर्यंत संबंध टाळावा.